हशाचे उत्पन्न आणि नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती

(वार्षिक संमेलनात शिष्यवृत्ती-निधीच्या विषयावर केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती-निधीच्या साहाय्यार्थ आम्ही जो प्रयोग केला, तो आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, पेटी-तबला नाही; एक ध्वनिवर्धक, एक उंच स्टूल, त्यावर पाण्याची बाटली, आणि एकामागून एक येऊन आपापले बोलून जाणारे तीन तरुण कलावंत, एवढाच सारा सरंजाम. हल्ली या प्रकारास 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. प्रयोग आटोपल्यावर एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "अहो, नाटक केव्हा सुरू होणार होते?" हा प्रश्न त्यांनी थट्टेने विचारलेला नव्हता. दोन तास ते खळखळून हसत होते, हे आम्ही स्वतः पाहिले होते. परंतु आपण ज्याला हसलो तो प्रयोगच होता, हे त्यांच्या मनास पटत नव्हते. दुसरा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या बैठकीत निघाला, आणि तो याहून कठीण होता. एक सभासद म्हणाले, "लोकांना हसवून पैसे मिळवायचे आणि ते पुन्हा नाटक शिकणाऱ्यांनाच द्यायचे, हा कसला उद्योग? तेवढ्या पैशांत एखादा मुलगा डॉक्टर झाला असता."

या दोन प्रश्नांस उत्तर देण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. तिसरी एक गोष्ट आहे, ती आमच्या हातून घडलेल्या चुकीची. तिचा उल्लेख यथाक्रम येईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. एक मनुष्य उभा राहून बोलतो आणि शेकडो माणसे त्यास खिळून बसतात, हे महाराष्ट्रास नवीन नाही. आपल्या देवळातील कीर्तनकार दुसरे काय करीत असे? पूर्वरंगात तो श्रोत्यांस विचार करावयास लावी आणि उत्तररंगात रडवी. परंतु मध्येच गावातल्या कंजूष सावकाराची अशी नक्कल करी की, सभामंडपात हशाचा कल्लोळ उडे, आणि ती नक्कल कोणाची हे सर्वांस, विशेषतः त्या सावकारास, ठाऊक असे. नंतर आरतीचे तबक फिरे. हसलेल्या माणसाचा हात खिशाकडे लवकर जातो, हे ज्ञान आपल्या कीर्तनकारांस आमच्यासारख्या निधीसंकलकांच्या पुष्कळ अगोदर झालेले होते. तमाशातील सोंगाड्या, भारुडातील सोंगे, दारोदार फिरणारा बहुरूपी ही याच घराण्यातील मंडळी.

पुढे पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. एक मनुष्य अख्खी चाळ होऊ शकतो, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हा पाहिले. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या. हे गृहस्थ मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. सकाळी ज्यांनी विद्यार्थ्यांस नाट्य शिकवावे आणि सायंकाळी त्याच विद्येने सभागृह हसवावे, असे गुरू २००९ मध्ये आपल्यातून गेले. आजचा स्टँड-अप कलावंत आणि हे जुने एकपात्री कलावंत यांत एक भेद मात्र आहे. जुना कलावंत दुसऱ्याचे सोंग घेई. हा नवा स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या घरचे, स्वतःच्या फजितीचे सांगतो. सोंगाचा आडोसा त्यास नाही. त्यामुळे विनोद पडला तर सोंग पडत नाही, तो मनुष्यच पडतो. हे काम आम्हांस तरी सोपे वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. नाटकाच्या उत्पन्नातून लोककार्यास साहाय्य करणे हा आपल्या रंगभूमीचा जुना रिवाज आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ झालेला 'संयुक्त मानापमान' हा त्या रिवाजाचा कळस होय. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था. त्यांचे नायक बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, एक भामिनी झाला, दुसरा धैर्यधर. केशवरावांस त्यानंतर अवघे तीन महिने आयुष्य लाभले; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले. परंतु त्या रात्रीची आठवण, ज्यांच्या आजोबांनी ती पाहिली, त्यांच्या घरांत अद्यापि सांगितली जाते. इंग्लंडात तर नटाच्या साहाय्यार्थ रात्र राखून ठेवण्याची प्रथा शतकानुशतकांची. डेव्हिड गॅरिक हा थोर नट १० जून १७७६ रोजी अखेरचा रंगमंचावर आला, तेव्हा त्या रात्रीचे उत्पन्न त्याने वृद्ध व गरजू नटांच्या निधीस देऊन टाकले. विनोदी कलावंतांनी एकत्र येऊन साहाय्यार्थ प्रयोग करण्याची आजची पद्धतही तिकडे रुळलेली आहे. १९७६ मध्ये लंडनास ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी झालेल्या हास्यरजनींपासून तिचा बोलबाला झाला.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. नट बहुधा दुसऱ्यासाठी उभा राहिला: राष्ट्रासाठी, दुष्काळासाठी, शाळेच्या इमारतीसाठी. नाटकवाल्याच्या शिक्षणासाठी कोणी उभे राहिल्याची उदाहरणे शोधावी लागतात. गावोगावच्या शाळांच्या इमारतनिधीत कंपन्यांच्या प्रयोगांचा वाटा असे; परंतु त्या शाळांत शिकून कंपनीत गेलेल्या मुलाविषयी घरचे लोक काय म्हणत? "नाटकात गेला, वाया गेला." पंक्तीला बसावयाची वेळ आली की नटाचे पान जरा दूर मांडावे, असा काळ आपल्या समाजाने पाहिला आहे, आपली ज्ञाती त्यास अपवाद होती, असे आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. ज्यांच्या गाण्यावर आपण वन्समोअर दिले त्यांच्याशी सोयरीक करताना आपण कचरलो. त्या जुन्या देण्याची थोडी फेड या शिष्यवृत्तीने होत असेल तर होवो.

विद्यार्थ्यास समाजाने पोसावे, ही कल्पना मात्र आपणांस शिकवावी लागत नाही. माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकलेल्या पिढ्यांच्या पुण्याईवर पुष्कळ घरे उभी आहेत. परंतु वारावर जेवणे ही सर्वांस मिळणारी सोय नव्हती. कोणत्या घरी कोणाचे पान मांडावयाचे, हे जात ठरवीत असे. त्यावर उपाय राजर्षी शाहू छत्रपतींनी काढला. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात विद्यार्थी-वसतिगृहांची जी परंपरा सुरू केली, तिच्यामुळे नाना ज्ञातींच्या मुलांस शहरात छप्पर आणि दोन वेळचे अन्न मिळाले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शिष्यवृत्त्या म्हणजे त्याच वृक्षाच्या लहानशा फांद्या होत. त्याच राजाने त्याच नगरीत १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले. वसतिगृह आणि नाट्यगृह ही दोन्ही प्रजेची गरज आहे, असे मानणारा तो राजा होता. ते नाट्यगृह पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले, आणि दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या वेळी कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. भिंतींसाठी एवढे अश्रू असतील, तर त्या भिंतींत उद्या उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी आपणांकडे काही असावे की नाही?

ही मुले कोठे शिकतात आणि कशी जगतात, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण आमच्या अनुभवास असे आले की, विरोध करणाऱ्यांस याची मुळीच कल्पना नसते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्यास मासिक विद्यावेतन मिळते; परंतु सबंध देशातून तेथे मोजक्याच मुलांस प्रवेश मिळतो. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात २००३ पासून थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, पणजीस कला अकादमीचे नाट्यविद्यालय आहे. या संस्थांत येणारी पुष्कळ मुले तालुक्याच्या गावांची. एकांकिका स्पर्धेत बक्षीस मिळविले, परीक्षकांनी पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेच्या भरवशावर शहरात आलेली.

फी हा त्यांच्या अडचणीतला लहान भाग होय. मोठा भाग भाडे, खानावळ आणि प्रवास हा. वाणिज्य शाखेचा गरजू विद्यार्थी सायंकाळी कोठे तरी हिशेब लिहितो, शिकवण्या करतो. नाट्यविद्यार्थ्यास ते करता येत नाही, कारण त्याची सायंकाळ तालमीची असते. दिवसा वर्ग, सायंकाळी तालीम, प्रयोग जवळ आला की रात्री नेपथ्याचे ठोकाठोकीचे काम. तालीम सुटते तेव्हा खानावळ बंद झालेली असते आणि शेवटची बस गेलेली असते. मग वडापाव, आणि मित्राच्या खोलीवर चटईचा कोपरा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास बँक कर्ज देताना पुढची नोकरी डोळ्यांपुढे ठेवते. प्रकाशयोजना शिकणाऱ्या मुलाची पुढची नोकरी बँकेच्या व्यवस्थापकाने कोठे पाहावी? म्हणून होते काय, तर ज्याच्या घरी दुसऱ्या वर्षीही पैसे पाठविण्याची ऐपत आहे तोच टिकतो. गुण कमी पडला म्हणून गेला, तर त्याचे दुःख नाही. रंगभूमी कठोरच आहे. परंतु खोलीचे भाडे थकले म्हणून चांगला नट गावी परत गेला, हे आम्हांस पटत नाही. डॉक्टर व्हावयास निघालेल्या मुलामागे उभे राहणारे अनेक हात आहेत, आणि आपल्या संस्थेचा मुख्य निधी त्याच्यामागे आजवर उभा आहे व पुढेही राहील. या एका रात्रीचे उत्पन्न ज्याच्यामागे कोणीच नाही त्यास जावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आता हिशेबाविषयी. साहाय्यार्थ प्रयोग म्हणजे तिकिटांचे सर्व पैसे निधीत गेले, असा एक गोड गैरसमज आहे. समजा, सभागृह तीनशे आसनांचे आहे आणि तिकीट सरसकट ३०० रुपयांचे. एकही आसन रिकामे राहिले नाही तर ९०,००० रुपये जमतात. त्यांतून सभागृहाचे भाडे, ध्वनी व प्रकाश, छपाई, ऑनलाइन तिकीटविक्रीची वर्तणावळ, कलावंतांचा प्रवास व नाईट, आणि चहा-फराळ वजा करावयाचे. त्यापूर्वी आणखी एक वजाबाकी आहे, ती पासांची. पहिल्या तीन रांगा 'आपल्या माणसांनी' फुकट भरल्या की, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा पडदा वर जाण्यापूर्वीच नाहीसा होतो. गेल्या वर्षी आमच्याकडे पास मागणाऱ्यांत ज्यांचा बंगला सर्वांत मोठा, त्यांनीच सर्वांत अधिक पास मागितले. हे आम्ही नाव न घेता सांगतो, आणि ते गृहस्थ आत्ता हसत आहेत म्हणून बेधडक सांगतो. खरी प्राप्ती झाली ती स्मरणिकेतील जाहिरातींची. ज्या पुस्तिकेत हे भाषण छापले जाईल, तिची अर्धी पाने दुकानदारांच्या शुभेच्छांनी भरलेली का असतात, याचे उत्तर एव्हाना आपणांस मिळाले असेल. त्या शुभेच्छा कोणाचे तरी महिन्याचे भाडे असते.

कलावंतांच्या नाईटविषयी मतभेद झाला. कित्येकांचे म्हणणे, पुण्यकार्य आहे, त्यांनी फुकट यावे. आमचे मत स्पष्टपणे याविरुद्ध आहे. जो नामांकित आहे, ज्याची इतर मिळकत भक्कम आहे, त्याने आपखुशीने बिदागी सोडली तर आम्ही कृतज्ञ राहू. पु. ल. आणि सुनीताबाई यांनी आपल्या प्रयोगांच्या व पुस्तकांच्या उत्पन्नातून किती संस्थांस हात दिला, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो हात त्यांनी स्वतः पुढे केला होता, कोणी ओढला नव्हता. आमच्याकडे आलेली तिन्ही मुले अजून धडपडीत आहेत. कॉफीच्या दुकानात वीस माणसांपुढे विनापैशाचे बोलून त्यांनी आपला मजकूर घासूनपुसून घेतलेला. नाट्यविद्यार्थ्याचे पोट भरण्यासाठी दुसऱ्या गरीब कलावंताचे पोट कापावे, हा न्याय नव्हे. आम्ही त्यांस ठरलेली नाईट दिली आणि ती खर्चाच्या बाजूस लपवाछपवी न करता लिहिली.

मजकुराविषयीही कुरबुर झाली. त्यांतील मुलीने आपल्या वधूवर-मेळाव्यावर जो विनोद केला, तो काहींस झोंबला. पुढील वेळी संहिता आधी मंडळास दाखवावी, अशी सूचना आली आहे. आम्ही ती स्वीकारू नये, असे सुचवितो. कीर्तनकाराने कोणाची नक्कल करावी, हे जर सावकाराने ठरविले असते, तर तबकात काही पडले नसते.

आता ती चूक. ती कोणाच्या माथी मारण्याजोगी नाही, ती आमचीच. मध्यंतरात आम्ही शिष्यवृत्तीधारक दोन विद्यार्थ्यांस रंगमंचावर बोलाविले. पुठ्ठ्याचा भला मोठा धनादेश करवून घेतला होता, त्यावर रक्कम ठळक अक्षरांत. छायाचित्रे झाली. आणि उत्साहाच्या भरात आम्ही ध्वनिवर्धकावरून सांगितले की, या मुलाचे वडील अमुक ठिकाणी हमाली करतात, आई चार घरची भांडी घासते, आणि तरीही हा शिकतो आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. मुलगा धनादेश धरून उभा होता. तो एवढा रुंद होता की मुलाचा चेहरा त्याच्या वरच्या काठाशी जेमतेम दिसत होता. आम्हांस वाटले, प्रसंग फार हृद्य झाला.

प्रयोगानंतर रंगपटात तीन कलावंतांपैकी एक जण आमच्याजवळ आला. दोन तास लोकांस हसविणारा तो तरुण त्या वेळी हसत नव्हता. तो म्हणाला, "काका, रागावू नका. माझा धंदा हसे करण्याचा आहे. पण मी करतो ते माझे स्वतःचे, आणि त्याचे पैसे घेतो. तुम्ही आज त्या मुलाचे केलेत." आम्ही त्यास काही तरी उत्तर दिले; काय दिले ते आठवत नाही, कारण ते उत्तर नव्हतेच. पुढल्या जूनमध्ये त्या विद्यार्थ्याचा अर्ज आला नाही. आम्ही चौकशी केली तेव्हा त्याचे चार ओळींचे पत्र आले. पैशांचा उपयोग झाला, त्याबद्दल आभारी आहे. तिसरे वर्ष रात्री एका कुरियरच्या गोदामात काम करून पुरे करीन, असे त्यात होते. अक्षर सुरेख होते. तालमी रात्री असतात, हे आम्ही आपणांस आत्ताच सांगितले आहे.

ते पत्र आम्ही मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविले, आणि त्यानंतर पुढील गोष्टी ठरल्या. शिष्यवृत्ती यापुढे रंगमंचावर दिली जाणार नाही. ती जूनपासून दरमहा थेट विद्यार्थ्याच्या बँक-खात्यात जमा होईल. भाडे दरमहा द्यावे लागते, वर्षातून एकदा टाळ्यांच्या गजरात नव्हे. स्मरणिकेत शिष्यवृत्तीधारकांची नावे व छायाचित्रे येणार नाहीत. हिशेब मात्र पैपैचा येईल. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना राहील, कारण निवड करावयाची तर परिस्थिती कळली पाहिजे. परंतु तो कागद निवड-समितीच्या तिघांखेरीज कोणी पाहणार नाही.

एक ठराव अद्याप व्हावयाचा आहे आणि तो आज आपल्यापुढे येत आहे. या एका निधीपुरती ज्ञातीची अट काढून टाकावी, अशी आमची शिफारस आहे. यावर कडक बोलणे होईल, हे आम्ही जाणतो. संस्था ज्ञातीची, श्रम ज्ञातीचे, मग लाभ परक्यांस का, असे विचारले जाईल. आमचे उत्तर तिकीटखिडकीवरचे आहे. तिकिटे विकताना आम्ही कोणाची जात विचारली नाही. विचारली असती तर सभागृह निम्मे रिकामे राहते. जाहिराती देणारे दुकानदार सर्व समाजांचे. हसविणाऱ्या तिघांपैकी आपल्या ज्ञातीचा एकही नव्हता. जो पैसा सर्वांच्या हशातून आला, तो आपल्या घरच्या हंड्यात भरून ठेवण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. आपला मुख्य शिष्यवृत्ती-निधी ज्ञातिबांधवांच्या वर्गणीचा आहे. त्यास या ठरावाने धक्का लागत नाही. शिवाय नाटक ही वस्तूच अशी आहे की, विंगेत उभ्या असलेल्या माणसाने वेळेवर दोरी ओढली नाही तर राजाचाही पडदा पडत नाही. ती दोरी ओढणारा कोण, हे तिसऱ्या घंटेनंतर कोणी विचारीत नाही.

मतदान भोजनोत्तर आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी अवश्य बोलावे. आम्ही उत्तर देऊ, आणि निरुत्तर झालो तर तसे कबूल करू.

यंदाच्या प्रयोगास तेच तीन कलावंत येत आहेत. त्यांनी स्वतः होकार कळविला आहे, आणि त्या मुलीने वधूवर-मेळाव्यावर नवा मजकूर केला असल्याचेही कळविले आहे. त्या विद्यार्थ्यास आम्ही पुन्हा पत्र लिहिले आहे. सभा होणार नाही, छायाचित्र होणार नाही, अर्ज तेवढा पाठवावा, असे त्यात लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही. तिकीटपुस्तके दाराशी टेबलावर ठेवली आहेत, प्रत्येकी दहा तिकिटांचे एक. पास छापलेले नाहीत.